रिकाम्या बाटलीचा जमाखर्च

अनामत-परतावा योजनेचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. डिपॉझिट किती ठेवायचं, बाटल्या दुकानात घ्यायच्या की वेगळ्या केंद्रावर, यंत्रं बसवायची की माणसं नेमायची. योजना चालवायला लागणारा पैसा कुठून येणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक डिपॉझिट भरतंय ना, मग त्यातूनच भागेल, असं सगळे धरून चालतात. सरकारी टिपणांत, कंपन्यांच्या निवेदनांत आणि पर्यावरणवाल्यांच्या पत्रकांतसुद्धा हे गृहीतक सारख्याच निश्चिंतपणे बसलेलं दिसतं. हे पुस्तक त्या एका प्रश्नापुरतं आहे: पैसा.

डिपॉझिट हे योजनेचं उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. समजा बाटलीमागे पाच रुपये अनामत आहे आणि बाजारात शंभर बाटल्या गेल्या. कंपनी योजनेच्या खात्यात पाचशे रुपये भरते. तेच पैसे ती वितरकाकडून घेते, वितरक दुकानदाराकडून आणि दुकानदार गिऱ्हाइकाकडून. नव्वद बाटल्या परत आल्या, तर दुकानदार साडेचारशे रुपये गल्ल्यातून देतो आणि योजनेकडून वसूल करतो. खात्यात उरले पन्नास. आता खर्च लावा. दुकानदाराने जागा अडवली, पोरगा गुंतवला, चिकट बाटल्यांना मुंग्या लागल्या त्या सोसल्या. त्याला बाटलीमागे हाताळणीचा मोबदला हवा. टेम्पो हवा, मोजणी केंद्र हवं, एकच बाटली दोनदा मोजली जाऊ नये म्हणून बारकोड वाचणारी यंत्रणा हवी, जाहिरात हवी, हिशेब तपासणारे हवेत. हे सगळं पन्नास रुपयांत बसणं अवघड. आता नव्वदऐवजी सत्तरच बाटल्या परत आल्या असं धरा. खात्यात दीडशे उरतात आणि वाहतूक-मोजणीचा खर्चही कमी होतो. म्हणजे योजना जितकी फसेल तितकी तिची तिजोरी भरते. या विषयातली निम्मी भांडणं या उलट्या हिशेबातून निघतात.

योजनेचा खर्च भागवणारे झरे जगभर तीनच आहेत. पहिला, गोळा झालेल्या मालाची विक्री. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनला भाव चांगला येतो. स्वच्छ, वेगळ्या काढलेल्या पेट बाटल्यांनाही येतो. काचेला जवळजवळ नाही, कारण काच जड, वाहतूक महाग आणि फुटलेल्या काचेची किंमत किरकोळ. दुसरा झरा म्हणजे न परतलेली अनामत. तिसरा, उरलेली तूट भरून काढण्यासाठी उत्पादकाने बाटलीमागे द्यायचं शुल्क. ते मालानुसार ठरतं: नीट चालणाऱ्या युरोपीय योजनांत कॅनवर ते नगण्य असतं, काचेवर किंवा रंगीत प्लास्टिकवर जास्त. या तिघांचं प्रमाण कसं ठेवायचं आणि दुसऱ्या झऱ्याची चावी कोणाच्या हातात द्यायची, एवढ्यावर देशोदेशीच्या योजना वेगळ्या होतात.

जुन्या काळात ही कटकट नव्हती. गोटी सोड्याची बाटली, आरेच्या दुधाची बाटली, कोपऱ्यावरच्या दुकानातला कोल्ड्रिंकचा क्रेट या साऱ्यांत बाटली कंपनीची मालमत्ता होती. ती परत आली नाही तर नवी घ्यावी लागे, म्हणून डिपॉझिट कंपनी स्वतःहून घेत असे आणि परतीच्या गाडीत रिकामे क्रेट भरून नेत असे. कायद्याची गरज नव्हती. स्वार्थ पुरेसा होता. अमेरिकेत १९३५ साली बिअरचा कॅन विक्रीला आला, महायुद्धानंतर एकदा वापरून टाकायच्या बाटल्या आल्या, आणि हा स्वार्थच संपला. परत येणारी बाटली आता कंपनीच्या लेखी ओझं होती. १९५३ मध्ये व्हरमाँट राज्याने बिअरच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर बंदी घातली. चार वर्षांनी तिची मुदत संपून गेली. मग कायद्याने सक्तीचं डिपॉझिट आलं: १९७० मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, १९७१ मध्ये ऑरेगॉनमध्ये. १९७२ मध्ये नॉर्वेतल्या प्लांके बंधूंनी किराणा दुकानासाठी रिकाम्या बाटल्या घेणारं यंत्र तयार केलं आणि टोम्रा ही कंपनी काढली. आज जगभरच्या सुपरमार्केटांत दिसणाऱ्या या यंत्रांत तिचं नाव सर्वांत मोठं आहे.

या टप्प्यावर अर्थशास्त्रज्ञ आले. स्वीडनच्या पेटर बूम यांचं डिपॉझिट-परताव्यावरचं पुस्तक १९८१ चं, आणि त्यानंतरच्या बहुतेक लिखाणाचा पाया तेच आहे. त्यांच्या परंपरेतला मुद्दा सोपा आहे. डिपॉझिट म्हणजे खरेदीच्या वेळचा कर आणि परताव्याच्या वेळचं अनुदान, एकाला एक जोडलेले. कचरा कोणी कुठे टाकला यावर पाळत ठेवायला पोलीस लागत नाही. बाटली आणून दाखवली हाच पुरावा. सिद्धांत देखणा आहे. मात्र या जोडीतला कर कोण गोळा करतो, अनुदान कोण वाटतो आणि मधल्या फरकावर कोण जगतो, याकडे सिद्धांतकारांनी फारसं लक्ष दिलं नाही. ते काम पुढे कायदे लिहिणाऱ्यांच्या गळ्यात पडलं आणि प्रत्येकाने ते आपापल्या परीने उरकलं.

उत्तर युरोपाने ते सर्वांत नीट उरकलं असं माझं मत आहे. स्वीडनमध्ये १९८४ पासून कॅनवर अनामत आहे. नॉर्वेची आजची योजना १९९९ ची. ती चालवणारी संस्था, आता इन्फिनिटम, पेयकंपन्या आणि दुकानदार यांच्या मालकीची आहे आणि नफा वाटत नाही. न परतलेली अनामत योजनेतच राहते आणि उत्पादकाचं शुल्क तेवढ्याने उतरतं. मग वरचा उलटा हिशेब तिथेही लागू नाही का? लागू आहे, पण नॉर्वेने त्यावर बाहेरून मात्रा दिली. पेयांच्या पॅकिंगवर सरकारचा पर्यावरण कर आहे आणि तो परताव्याच्या प्रमाणाला बांधलेला आहे. परतावा २५ टक्क्यांच्या वर गेला की कर उतरायला लागतो आणि ९५ टक्क्यांवर तो शून्य होतो. त्यामुळे न परतलेल्या अनामतीतून कंपनी जे वाचवेल त्याहून कितीतरी जास्त ती करात गमावेल. बाटल्या परत याव्यात ही इच्छा सरकारची राहिली नाही, ती कंपनीच्या हिशेबनिसाची झाली. दुकानाला दिला जाणारा मोबदलाही बारकाईने ठरवला आहे: हाताने घेणाऱ्या दुकानापेक्षा, यंत्रातच कॅन-बाटल्या दाबून चपट्या करणाऱ्या दुकानाला जास्त, कारण दाबलेल्या मालाने ट्रकच्या फेऱ्या वाचतात. फिनलंडचा मार्ग याच्या जवळचा: मान्यताप्राप्त परतावा योजनेत सामील नसलेल्या पेयावर लिटरमागे ५१ सेंट कर, सामील असलेल्याला माफी.

जर्मनीने वेगळीच वाट धरली. तिथे २००३ च्या १ जानेवारीला एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर सक्तीचं डिपॉझिट आलं. युर्गेन ट्रिटिन तेव्हा पर्यावरणमंत्री होते. मध्यवर्ती तिजोरी मात्र कोणी उभारली नाही. पहिली काही वर्षं दुकानसाखळ्या फक्त आपल्याकडच्या आकाराच्या बाटल्या परत घेत आणि गिऱ्हाईक हैराण होई. २००६ मध्ये ती सवलत बंद झाली आणि सर्वत्र एकच खूण, एकच बारकोड-व्यवस्था लागू झाली. पैसा आजही थेट दुकान आणि बाटली भरणारा यांच्यातच फिरतो. परत आलेलं प्लास्टिक घेणाऱ्या दुकानाचं, न परतलेले २५ सेंट बाटली भरणाऱ्याचे. स्वतःच पाणी भरणाऱ्या, स्वतःच विकणाऱ्या आणि स्वतःच प्लास्टिक गाळणाऱ्या बड्या स्वस्त-दुकानांना ही मांडणी छान मानवली. परताव्याचं प्रमाण तिथे जगात अग्रगण्य आहे. पण शिल्लक रक्कम किती आणि कोणाकोणाच्या खिशात, हे बाहेरच्याला एका वहीत पाहायला मिळत नाही. तिथली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटेल. शहरांत रिकाम्या बाटल्या वेचून गुजराण करणारी माणसं आहेत, त्यांत निवृत्तिवेतन न पुरणारी म्हातारी माणसंही आहेत. त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून बाटली पेटीत न टाकता शेजारी ठेवा, अशी मोहीमही तिथे चालली.

अमेरिकेतली राज्यं म्हणजे दुसऱ्या झऱ्याची चावी सरकारने हातात घेतली की काय होतं, याचं संग्रहालय. मिशिगनमध्ये न परतलेल्या अनामतीतला ७५ टक्के वाटा राज्याला आणि २५ टक्के दुकानदारांना. न्यूयॉर्कने २००९ मध्ये ८० टक्के रक्कम राज्याकडे वळवली. त्याच वेळी दुकानांचा मोबदला दोन सेंटवरून साडेतीन केला, हे त्यातल्या त्यात बरं. मिशिगनचं डिपॉझिट दहा सेंट आणि शेजारच्या राज्यांत शून्य, म्हणून सीमेपलीकडून ट्रक भरून बाटल्या आणण्याचा मोहही तिथेच जन्मला. १९९६ मध्ये ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेने त्यावर अख्खी गोष्ट रचली. विनोद सोडा, न भरलेलं डिपॉझिट परत द्यावं लागणं हा योजनेच्या हिशेबाला पडलेला थेट खड्डा असतो, आणि आपल्याकडे एका राज्याने योजना आणली आणि शेजारच्याने नाही, तर हा खड्डा पहिल्याच महिन्यात दिसेल.

सर्वांत शिकण्यासारखी कथा कॅलिफोर्नियाची. तिथला कायदा १९८६ चा. दुकानांऐवजी खासगी पुनर्वापर केंद्रं बाटल्या घेतात आणि सरकारी निधी त्या केंद्रांना पैसे देतो. भंगाराचा भाव केंद्राच्या खर्चापेक्षा कमी पडला तर फरक निधीने भरायचा, असं सूत्र. कागदावर निर्दोष. पण फरक मोजताना जुने भाव धरले जात आणि बाजार त्याआधीच घसरलेला असे. मधल्या काळात केंद्राने पदरमोड करायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये रीप्लॅनेट या सर्वांत मोठ्या साखळीने आपली उरलेली २८४ केंद्रं एका दिवसात बंद केली. गिऱ्हाइकांनी डिपॉझिट भरलं होतं, निधीत पैसा होता, आणि बाटली घेऊन जायला जागा नव्हती. त्याआधी, २००९ च्या मंदीत, राज्याच्या तिजोरीने याच निधीतून मोठी कर्जं उचलली होती आणि देणी कापायची वेळ आली होती. सरकारी निधीत पडून असलेल्या पैशाकडे अर्थखात्याचं लक्ष जातंच. त्याला कोणाची नियत खराब असावी लागत नाही.

ब्रिटिश कोलंबियात आणि ऑस्ट्रेलियात बाटल्या मुख्यतः संकलन केंद्रांवर परत जातात. तिथे योजनेच्या खर्चाचा वाटा मालाप्रमाणे ठरतो, आणि ब्रिटिश कोलंबियात तर तो डिपॉझिटपासून वेगळा, बिलावर दिसेल असा लावला जातो. आपण काय भरतो आहोत आणि त्यातलं काय परत मिळणार आहे हे गिऱ्हाइकाला कळतं, एवढ्या कारणासाठी मला ही पद्धत आवडते.

आणि मग स्कॉटलंड. योजना चालू होण्याआधीच बुडण्याचं ते उदाहरण. उत्पादकांनी चालवायची सर्क्युलॅरिटी स्कॉटलंड ही संस्था उभी राहिली, कर्जं काढली गेली. त्यात सरकारी मालकीच्या गुंतवणूक बँकेचे नव्वद लाख पौंड होते. उद्घाटनाची तारीख पुढे गेली, पुन्हा गेली. काचेचा समावेश करायचा की नाही यावरून एडिंबरा आणि लंडन यांच्यात जुंपली. जून २०२३ मध्ये संस्था प्रशासकांच्या ताब्यात गेली. वर सांगितलेले तिन्ही झरे योजना सुरू झाल्यावर वाहू लागतात. त्याआधीची दोन-तीन वर्षं यंत्रं, संगणक, गोदामं आणि पगार कर्जावर चालतात आणि ते कर्ज फेडण्याची एकमेव आशा म्हणजे न हलणारी तारीख. लिथुएनियाने २०१६ मध्ये तारीख पाळली आणि दोन वर्षांत परतावा ९० टक्क्यांच्या वर नेला. आयर्लंडने फेब्रुवारी २०२४ ची पाळली. तिथे पहिल्या वर्षअखेर न परतलेली अनामत काही कोटी युरोंवर गेली आणि लोकांनी साहजिकच विचारलं की हा पैसा कोणाचा. उत्तर कायद्यात होतं, योजनेतच राहणार. पण ते आधीपासून ठळकपणे सांगितलेलं बरं.

या सगळ्याला एक भारदस्त विरोधी मतही आहे आणि या पुस्तकात त्याला जागा आहे. ब्राझीलमध्ये कॅनवर सक्तीचं डिपॉझिट नाही, तरी वापरलेले कॅन ९५ टक्क्यांहून जास्त प्रमाणात पुन्हा वितळवले जातात, कारण धातूला भाव आहे आणि तो वेचणारे लाखो कष्टकरी आहेत. मग महागडी यंत्रणा कशाला? या मताचं उत्तर सोपं नाही. माझ्यापुरतं एवढंच की वेचणाऱ्यांची गरिबी हा तिथला न लिहिलेला चौथा झरा आहे.

हे सारं मराठीत आत्ता का? युरोपीय संघाने प्लास्टिकच्या पेयबाटल्यांचं ९० टक्के वेगळं संकलन २०२९ पर्यंत बंधनकारक केलं आहे. त्यामुळे रुमानियापासून ऑस्ट्रियापर्यंत एकामागून एक देश योजना आणत आहेत. पण आपलं कारण घरचं आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत पेट बाटल्यांवर परत-खरेदीची किंमत छापण्याची अट घातली होती. किंमत छापायची हे ठरलं. ती गल्लीतल्या दुकानदाराने द्यायची तर त्याला कोण, किती दिवसांत, कोणत्या मोबदल्यासह भरून देणार, हा पाइप कोणी जोडला नाही. पाण्याची बाटली आजही भंगाराच्या भावानेच विकली जाते. गोव्याने २०२४ मध्ये स्वतःची अनामत-परतावा योजना अधिसूचित केली; तिच्या कक्षेत पेयांपलीकडचं पॅकिंगही आहे आणि अंमलबजावणीवरून उद्योगांशी ओढाताण चालू राहिली. तमिळनाडूत सरकारी दारू दुकानांनी २०२२ मध्ये निलगिरीत बाटलीमागे दहा रुपये घ्यायला सुरुवात केली, तीही मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे. विक्रेता एकच आणि तो सरकार, त्यामुळे पैशाची वाट सोपी होती. तरीही योजना इतर जिल्ह्यांत पसरली तेव्हा दुकानांतले कामगार रस्त्यावर आले: बाटल्या मोजायच्या, रचायच्या, वास सोसायचा आणि वेगळा मोबदला नाही. हाताळणीचा खर्च कोणी धरला नाही, की तो सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर पडतो.

आपल्याकडे सर्वांत खालचा माणूस बहुतेक वेळा बाई असते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे; पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घराघरांतून कचरा गोळा करणाऱ्या या बायकांच्या कमाईत पेट बाटलीचा हिस्सा मोठा असतो, कारण ती हलकी आणि भाव असलेली. डिपॉझिट लागलं की तीच बाटली किलोच्या नव्हे तर नगाच्या भावाने मोलाची होईल. ते मोल वेचणारीला मिळेल, की घरमालक बाटल्या बाजूला काढून स्वतः यंत्राकडे नेईल? बाटली चुरगळलेली असेल, बारकोड फाटलेला असेल, तर यंत्र ती नाकारेल; मग ती मोजणार कोण? युरोपच्या कायद्यांत या प्रश्नांना कलम नाही, कारण तिथे हा वर्ग योजनेनंतर उगवला. आपल्याकडे तो आधीपासून आहे.

या संग्रहातले लेख याच रोखाने मागवले. योजना चांगली की वाईट यावर मतं मागितली नाहीत. प्रत्येक लेखकाला एकच अट होती की एका रुपयाचा प्रवास शेवटपर्यंत दाखवावा. त्यामुळे काही मजकूर रूक्ष आहे. वस्तू-सेवा कर कायद्यानुसार डिपॉझिट हा मोबदला धरला जात नाही, पुरवठादाराने ते मोबदला म्हणून वळतं केलं तरच धरला जातो. मग वर्षानुवर्षं न परतलेल्या रकमेचं काय, यावर काही पानं खर्ची पडली आहेत. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी ती ओलांडावीत. नगरपालिकेत काम करणाऱ्यांनी मात्र ओलांडू नयेत. परकीय रकमांचं रुपयांत रूपांतर मुद्दाम केलेलं नाही, कारण २५ सेंट जर्मन माणसाला जेवढे जाणवतात तेवढे त्यांचे रुपये आपल्याला जाणवतीलच असं नाही.

माझं स्वतःचं मत लपवलेलं नाही. न परतलेली अनामत कंपनीच्या नफ्यात जाऊ नये आणि सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतही जाऊ नये. ती योजनेतच, उघड्या वहीत राहावी आणि तिच्यावरचा पहिला हक्क हाताळणीच्या मोबदल्याचा असावा. सगळे लेखक याच्याशी सहमत नाहीत. एकाचं म्हणणं, पालिकांचा कचरा उचलण्याचा खर्च वाचतो तो आधी मोजा आणि तेवढी रक्कम पालिकांकडूनच योजनेला द्या. दुसरा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. कचरावेचकांना मोबदला नगावर द्यायचा की वजनावर? नगावर दिला तर लहान बाटल्याही उचलल्या जातील, पण मोजणीला वेळ आणि यंत्र लागेल. वजनावर दिला तर संध्याकाळी काट्यावर पैसे हातात पडतील, पण अर्ध्या लिटरची चपटी बाटली नाल्यातच राहील. दोन्ही बाजूंचे लेख एकापाठोपाठ छापले आहेत, आणि दोघांनी लावलेले आकडे एकाच तक्त्यात मांडले आहेत.